पावसाळ्यानंतर गाडीचं ॲव्हरेज पडलं? आधी चाकाला हात लावा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे हे दुखणं तुमच्या गाडीचं आहे की नाही ते लगेच कळेल.

मे महिन्यात एसी लावून शहरात लिटरला चौदा देणारी छोटी पेट्रोल गाडी गणपती उठेपर्यंत अकरावर आलेली असते. इंजिन चेकचा दिवा लागत नाही. स्टार्टिंग एका फटक्यात. धूर नाही, इंजिन अडखळत (मिसिंग) नाही. फक्त सिग्नलवरून निघताना गाडी जरा जड वाटते. ॲक्सिलरेटर सोडला की पूर्वी पुढच्या गाडीपर्यंत आरामात घरंगळत जायची, ती आता जागीच बसते. कधी गाडीतून उतरताना एखाद्या चाकापाशी जळकट वास येतो. कधी सकाळी गाडी काढताना मागून 'टक्' आवाज येतो आणि मगच चाक सुटतं.

असं होत असेल तर दोष बहुतेक इंजिनात नसतो. तरीही लोक इंजिनावरच खर्च करतात. इंजेक्टर क्लीनिंग, पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या, नवे प्लग, सगळं होतं आणि ॲव्हरेज अकराच राहतं.

मी गॅरेजवाला नाही. एका कारखान्यात मशीन मेन्टेनन्सला तेवीस वर्षं काढली आणि मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. आमच्या सोसायटीत छपराचं पार्किंग नाही. गाड्या चार महिने झाडाखाली भिजत उभ्या असतात. गेल्या नऊ पावसाळ्यांत स्वतःच्या दोन आणि शेजारपाजारच्या मिळून वीसेक गाड्यांचं हेच दुखणं हाताखालून गेलं. ज्या क्रमाने मी बघतो त्याच क्रमाने लिहितो. आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, मग हात काळे करायचं.

आधी हिशोब खरा आहे का?

'ॲव्हरेज पडलंय' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी ते मोजलेलंच नसतं. पाचशेचं पेट्रोल किती दिवस पुरलं यावर अंदाज चाललेला असतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबवा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. 'अजून थोडं राउंड फिगर करतो' म्हणणाऱ्याला नको म्हणा. त्याने हिशोब तर चुकतोच, शिवाय वर ठासलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊन तो खराब होतो. मग टाकी बरीच खाली येईपर्यंत गाडी चालवा आणि त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर पुन्हा फुल करा. किलोमीटर भागिले लिटर.

माझ्या डायरीतली दोन पानं: मे महिन्यात ४१२ किलोमीटरला २९.४ लिटर, म्हणजे १४. सप्टेंबरात ३१८ किलोमीटरला २८.६ लिटर, म्हणजे ११.१. हा वीस टक्क्यांचा खड्डा. एवढा दिसला तर शोध घ्यायचा. अर्ध्या किलोमीटरच्या फरकासाठी झोप घालवू नका, नोझल कुठे बंद झाली एवढ्यानेही तो पडतो.

मधल्या काळात टायर बदललेत का? १३ इंची रिमवर १५५/८० च्या जागी १६५/८० चढवले तर चाकाचा व्यास सुमारे १६ मिलिमीटरने वाढतो आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा पावणेतीन टक्के कमी धावतो. ॲव्हरेज पडलेलंच नसतं, मीटर कमी दाखवत असतो. टायरवाला हे सांगत नाही.

मग ट्रॅफिक वेगळं काढा

हे गणित एकदा कागदावर करा, डोळे उघडतात. विक्रोळीहून लोअर परळ साधारण वीस किलोमीटर धरा. चालत्या अवस्थेत गाडी सोळा देते असं समजा, म्हणजे सव्वा लिटर. एसी लावून जागेवर उभी असलेली छोटी गाडी तासाला पाऊण लिटर ते एक लिटर पिते. आपण ०.८ धरू. रस्त्यात एकूण दहा मिनिटं थांबलात तर ॲव्हरेज साडेचौदा. अर्धा तास थांबलात तर बारा. गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हरही तोच. गणपतीतले मंडप आणि पावसाळ्यातले खड्डे मिळून दोन-अडीच किलोमीटर असेच खातात, त्याला कुठलाही मेकॅनिक काही करू शकत नाही.

कंपनीच्या जाहिरातीतला वीस-बाविसाचा आकडा इथे आणूच नका. तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांच्या साच्यात काढलेला असतो. त्या साच्यात सायनचा सिग्नल नाही.

खरा दोष आणि ट्रॅफिक वेगळे करायला मी रविवारी पहाटे सहाला छेडा नगरहून ईस्टर्न फ्रीवेवर चढतो, पी. डिमेलो रोडला उतरतो आणि तसाच परत येतो. साठ-सत्तरचा वेग, एसी एकवर. जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात. एवढ्यात दोन-अडीच लिटर जातं, त्यामुळे इथे टाकी फुल करून मोजू नका. नोझलचा अर्ध्या लिटरचा फरकसुद्धा सगळं गणित उधळतो. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज निघताना शून्य करा आणि तेच बघा. तो आकडा जरा फुगवून सांगतो, पण दर वेळी साधारण सारखाच फुगवतो. म्हणून गाडी ठणठणीत असतानाचा तुमचा आकडा लिहून ठेवलेला हवा. पहाटेही आकडा नेहमीसारखा आला तर गाडी बरी आहे. पहाटेही पडलेला असेल तर पुढे वाचा.

पेट्रोलवर किती खापर फोडायचं

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणून फरक पडतो हे खरं. सरकारच्या २०२१ सालच्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली होती. पण सहा-सात टक्के म्हणजे चौदाचे तेरा. चौदाचे अकरा झाले तर ते इथेनॉलच्या माथी मारता येत नाही, आणि ते पावसाळ्यातच का झालं याचंही उत्तर त्यात नाही.

मापाचा संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, त्यात ओतून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे. मी दोनदा मागितलं, दोन्ही वेळा माप बरोबर निघालं.

टायरची हवा

दरवाजा उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा घ्या. पंक्चरवाला सगळ्यांना सरसकट ३५ भरतो किंवा 'बघून' भरतो. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. चालवून आल्यावर दाब दोन-चार पीएसआयने चढलेला असतो आणि कमी हवासुद्धा बरोबर वाटते. काही न होताही महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय उतरतोच. पावसाळ्यात तीन महिने कोणी गाडीतून उतरून हवा बघत नाही, त्यामुळे ३३ च्या जागी २५-२६ सापडणं नेहमीचं. ढिला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि ती ताकद रबर गरम करण्यात जाते.

खड्ड्यात गाडी आपटली असेल तर पुढच्या टायरवर आतून बाहेर आणि बाहेरून आत तळहात फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलंय. चाकं थोडी तिरकी घासत चाललीत.

चाकाला हात: इथेच सापडतं

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या. ठाण्याला शाळेत शिकवतात, गाडी रोजची. म्हणाल्या, "भाऊजी, गॅरेजवाला म्हणतोय इंजेक्टर काढून धुवायला लागतील. करू का?" म्हटलं, "वहिनी, पैसे द्यायच्या आधी एक चक्कर मारून या. पवईपर्यंत जा, परत या, आणि गेटमधून आत येताना ब्रेक जवळजवळ दाबूच नका."

आल्यावर चारही चाकांजवळ हात नेला. पुढच्या उजव्या रिमपाशी नेहमीची ऊब. डाव्या रिमपाशी हात टेकवेना. रिमच्या नटावर बाटलीतलं चार थेंब पाणी टाकलं, ते चर्रर्र करत उडालं. वहिनी म्हणाल्या, "अय्या, हे तर तव्यासारखं तापलंय!"

परीक्षा एवढीच. पंधरा-वीस मिनिटं चालवा, शेवटी होईल तितकं ब्रेक न लावता गाडी थांबू द्या आणि हाताची मागची बाजू रिमजवळ न्या. थेट पकडू नका, भाजेल. पाणी टाकायचंच तर नटावर टाका. डिस्कवर नको, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते. तुलना डाव्या-उजव्यात करायची, पुढच्या-मागच्यात नाही. ब्रेकचं जास्त काम पुढचीच चाकं करतात, म्हणून ती थोडी गरम असायचीच.

दुसरी खूण: सपाट जागी इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एका माणसाने मागून ढकललं तर छोटी गाडी हलली पाहिजे. दोघांना घाम फुटत असेल तर ब्रेक धरून आहे.

स्कॅनर लावला तरी हे का दिसत नाही, तर इंजिनाच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं. तुम्ही मागता तेवढी ताकद ते देतं, त्यासाठी लागेल तेवढं पेट्रोल घेतं. फक्त त्यातला एक वाटा चाकाशी जळत असतो. दिवा लागायला इंजिनाला चूक दिसली पाहिजे, इथे इंजिनाची चूकच नाही.

होतं असं की पुढच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरणारा भाग, दोन पिनांवर सरकतो. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पेडल सोडलं की दोघांनी किंचित मागे यायचं. पिनांवर रबरी टोपणं असतात. ती फाटली की हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, जिथे कुठे गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तिथलं पाणी आत जातं. त्यात आपली खारी हवा. पिन गंजून जागीच बसते, मग पॅड मागे येत नाही.

वहिनींच्या गाडीची खालची पिन पान्याने गोल फिरत होती, बाहेर मात्र येईना. गंज सोडवायचा स्प्रे मारला, चहा घेतला, पुन्हा फिरवत ओढली तेव्हा आली. वरचं ग्रीस वाळून मेणाच्या खपलीसारखं झालेलं, मधे दोन बोटं रुंद गंज. आतला पॅड पत्र्याला टेकायला आलेला, बाहेरचा निम्म्याच्या वर शिल्लक. असे विषम झिजलेले पॅड दिसले की शंकाच नको.

पान्याची सवय असेल तरच स्वतः करा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. नट जमिनीवर असतानाच ढिले करा. जॅकवर उचलली की खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा. पूर्ण काढावा लागला तर तारेने बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पिना ब्रेक क्लीनरने आणि चिंध्यांनी स्वच्छ करा. वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते, अदलाबदल नको. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच हवं. डब्यातलं साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पुढच्या पावसाळ्याआधीच पिन पुन्हा अडकते. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. फाटलेली टोपणं बदला, किरकोळ किमतीची असतात. पॅड झिजलेले असतील तर डावे-उजवे दोन्हीकडचे बदला.

कॅलिपर बाहेर असताना कोणालाही पेडल दाबू देऊ नका. सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट लागेपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. हे विसरलात तर पहिल्या ब्रेकला पेडल तळाला जाईल आणि गाडी थांबणार नाही.

मागच्या चाकांत बहुतेक छोट्या गाड्यांना ड्रम असतो, आणि तिथे गुन्हेगार हँडब्रेकची केबल. आवरणात पाणी शिरून ती गंजते. हँडल खाली जातं, ब्रेक पूर्ण सुटत नाही. सकाळचा तो 'टक्' आवाज म्हणजे ड्रमला चिकटलेला लायनर, आतलं ब्रेकचं अस्तर, सुटण्याचा. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत सपाट पार्किंगमध्ये मी हँडब्रेक ओढतच नाही. पहिला गिअर आणि चाकामागे वीट. वॉचमनला सांगून ठेवलंय, वीट हलवायची नाही. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

चाकं गार निघाली तर

तर मग बॉनेट उघडा.

एअर फिल्टरबद्दल गॅरेजवाले फार बोलतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर संगणक पेट्रोलही कमी करतो. तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं पडत नाही. घाण असेल तर बदला, पण त्याने अकराचे चौदा होतील अशी आशा नको.

इंजिन ऑइल मात्र विचारून घ्या. पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असताना काही ठिकाणी ड्रममधलं २०डब्ल्यू-५० ओततात. घट्ट तेलातून इंजिन फिरवायलाच पेट्रोल जातं. शेवटची सर्व्हिसिंग आणि ॲव्हरेज पडण्याची तारीख एकच असेल तर बिलावरचा ग्रेड वाचा.

प्लग गार इंजिनावर काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर बरं. काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. प्लग परत लावताना आधी हाताने फिरवा, पान्याने नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की खर्च प्लगच्या कित्येक पट.

क्लच: चढावर, समजा फ्लायओव्हरवर, चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज आणि इंजिनाचे फेरे (आरपीएम) वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. एलबीएस मार्गावर रोज हाफ क्लचवर रांगणाऱ्या गाड्यांना हे होतंच. हे घरी करायचं काम नाही.

शेवटचा लपलेला चोर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. 'मुंबईत थंडी कुठाय' म्हणत काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात, किंवा तो उघडा अडकून बसतो. मग पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापायला फार वेळ लागतो, आणि तोवर संगणक थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल देत राहतो. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघा. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही ते ८० च्या खाली रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट किंवा त्याचा सेन्सर. त्याच ॲपमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' दिसतं, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल देतोय ते. ते उणे दहा किंवा त्याखाली असेल तर संगणक जास्तीचं पेट्रोल कापायची धडपड करतोय. अधिक दहाच्या वर असेल तर कुठून तरी हवा खेचली जातेय किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. आकडा लिहून ठेवा, सेन्सर अंदाजाने बदलू नका. गरम रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका.

कुठे थांबायचं

पेट्रोलचा वास येत असेल तर वरचं काहीच करू नका, गाडी सुरूही करू नका. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येतात, वायरीबरोबर रबरी पाइपही कुरतडतात. मेकॅनिकला जागेवर बोलवा. सीएनजीच्या गाडीत गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडेच जा. स्पॅनर लावू नका.

ब्रेकच्या बाबतीत: पिना मोकळ्या आहेत, पण सी-क्लॅम्पने दाबूनही पिस्टन मागे जात नाही; चाकाच्या आतून तेल ओघळलंय; ब्रेक ऑइल कमी होतंय; किंवा सगळं साफ करूनही तेच चाक पुन्हा तापतंय. चारपैकी एकही असेल तर हात धुवा आणि गॅरेजला जा. शेवटच्या बाबतीत बहुतेक ब्रेकचा रबरी पाइप आतून सुजलेला असतो. दाब जातो, परत येत नाही. ते बाहेरून दिसत नाही, आणि ब्रेकमधली हवा काढायचं काम शिकाऊ हाताने करायचं नाही. एबीएसचा दिवा लागला तरी तेच.

गॅरेजमध्ये 'ॲव्हरेज कमी आहे, बघा' असं मोघम सांगितलंत तर इंजेक्टरच धुतले जातील. असं सांगा: "पुढचं डावं चाक तापतंय, उजवं नाही. आतला पॅड जास्त झिजलाय. पिना, पिस्टन आणि पाइप बघा, पुढचं मला विचारल्याशिवाय उघडू नका." आणि वहिनींच्या गाडीचं काम झाल्यावर पुढची टाकी मोजली. ३९० किलोमीटर, २७.९ लिटर, म्हणजे १४.